मिरची तर गार असते, मग हात का भाजतात? (नंदुरबारच्या पथारीवरून एक प्रश्न)

पथारीवरचा | मंगळवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर हिशेबाचं काम करतो. ओली लाल मिरची येते, माळावर पसरतात, वाळते, बायका दिवसभर बसून देठ खुडतात. संध्याकाळी त्यांचे हात बघावेत तर फोड नाही, जखम नाही, आणि तरी रात्रभर भगभग होते म्हणतात. परवा एका मावशींनी मला सरळ विचारलं, "भाऊ, मिरची ते थंडी ऱ्हास, मंग हात का बरं जयतस?"

मला उत्तर आलं नाही. तिखट असते म्हणून, असं म्हणालो, पण ते काही उत्तर झालं नाही. घरून तापाचा थर्मामीटर आणून एकीच्या मुठीत दिला. ताप तर सोडाच, हात नेहमीइतकाच गार. म्हणजे आग खरोखर नाहीच, पण जाणवते मात्र आगच. आणखी एक गोष्ट सगळ्याजणी सांगतात: घरी जाऊन कोमट पाण्यानं आंघोळ केली की हात पुन्हा पेटतात. तेच पाणी घरातल्या बाकीच्यांना नुसतं ऊबदार लागतं.

इथे कुणी जाणकार असेल तर नीट समजावून सांगा. मला ते मावशींना सांगायचं आहे, त्यामुळे वरवरचं नको.

---

केळीचा_घड | मंगळवार, रात्री 10:05

तिखट ही चव ना भाऊ? मग ती हाताला कशी कळते हाच मोठा प्रश्न आहे. आम्हाला शाळेत जिभेचा नकाशा होता: टोकाला गोड, कडेला आंबट-खारट, मागे कडू. त्यात तिखट कुठे होतं ते आठवत नाही.

---

शरीरक्रिया_धुळे | मंगळवार, रात्री 11:20

आठवणार नाही, कारण नव्हतंच. आणि तो नकाशाही चुकीचा आहे. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मटणाच्या रश्श्यासारखी चव) या पाचही चवी जिभेवर जिथे जिथे चवीच्या कळ्या आहेत तिथे तिथे कळतात. तिखट ही चव नाही. तिखट ही वेदना आहे, आणि नेमकं बोलायचं तर भाजण्याची वेदना. म्हणून ती हाताला कळते, डोळ्याला कळते, नाकाला कळते. गूळ डोळ्यात गेला तर डोळ्याला गोड लागत नाही, पण मिरचीचा हात लागला तर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता पथारीवरच्या भाऊंचा प्रश्न. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, आणि मावशींनी विचारला तसा प्रश्न वर्गात क्वचित येतो.

आपल्या कातडीत चेतातंतूंची टोकं पसरलेली असतात. त्या टोकांच्या पापुद्र्यात काही प्रथिनं बसवलेली असतात. त्यांना ग्राही म्हणतात, पुस्तकात संवेदग्राही. प्रत्येक प्रकारचा ग्राही ठरावीक गोष्टीलाच दाद देतो. यातला एक टीआरपीव्ही-1. त्याचं काम उष्णता ओळखणं. तो ज्या कातडीत बसला आहे ती साधारण 43 अंश सेल्सिअसपर्यंत तापली की तो उघडतो आणि मेंदूकडे 'भाजतंय' अशी वर्दी जाते.

मिरचीत कॅप्साइसिन नावाचं रसायन असतं. बी तिखट असतं असं आपण म्हणतो, पण ते खरं तर बिया जिला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरेत तयार होतं. हे रसायन नेमकं याच ग्राहीत जाऊन अडकतं आणि त्याला गार असतानाच उघडतं. पुढच्या तंतूला, मज्जारज्जूला, मेंदूला कुणालाच हे कळायचा मार्ग नाही. ग्राही उघडला म्हणजे भाजलं, एवढीच भाषा त्यांना येते. म्हणून थर्मामीटर खरा आणि मावशीसुद्धा खऱ्या.

1997 साली अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत हा ग्राही सापडला. पद्धत फार चिकाटीची होती. वेदना ओळखणाऱ्या चेतापेशींमधल्या डीएनएचे लाखो तुकडे त्यांनी गोळा केले, ते एरवी मिरचीला ढिम्म असणाऱ्या पेशींमध्ये घातले आणि कोणता तुकडा घातल्यावर पेशी मिरचीला दाद देते ते शोधत गेले. एक तुकडा मिळाला. त्यातून बनणारं प्रथिन तपासताना लक्षात आलं की ते उष्णतेनंही उघडतं. शोध मिरचीचा सुरू होता आणि हाती लागली उष्णतेची जाण. 2021 चं नोबेल याच कामाला मिळालं.

कोमट पाण्याचं कोडंही इथेच सुटतं. कॅप्साइसिन चिकटलेलं असतं तोवर त्या ग्राहीचा उंबरठा खाली आलेला असतो. एरवी 43 ला उघडणारं दार मग 37-38 च्या पाण्यानंही उघडतं. उन्हानं करपलेल्या पाठीला साधं कोमट पाणी चटके देतं, त्यामागेही बरंचसं हेच आहे. तिथे मिरची नसते, पण सूज आलेल्या जागी शरीर स्वतःच अशी द्रव्यं सोडतं की उंबरठा खाली येतो.

---

पांझराकाठ | बुधवार, सकाळी 7:15

डॉक्टर साहेब, 'ग्राही उघडतो' म्हणजे काय हे थोडं मी मांडू का? तीस वर्षं साक्री तालुक्यात विज्ञान शिकवलं. मुलांना हे फडावरून सांगायचो.

पांझरा नदीवरची फड पद्धत (बंधाऱ्याचं पाणी शेतांच्या गटाला, म्हणजे फडाला, द्यायची जुनी रीत) ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत असेल. बंधाऱ्याला पाणी अडलेलं, कालव्यात पाणी चढलेलं. पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा माणूस, येतो, चारीचं (लहान पाटाचं) तोंड मोकळं करतो आणि पाणी फडात उतरतं. पाटकरी पाणी ढकलत नाही. जोर आधीपासून उतारात साठलेला असतो, तो फक्त वाट देतो.

चेतापेशीचं असंच आहे. पेशीबाहेर सोडियम जास्त, आत कमी. त्याशिवाय आतली बाजू बाहेरच्या मानानं ऋणभारित. हा उतार पेशी सतत ऊर्जा खर्च करून तयार ठेवते. ग्राही म्हणजे त्या उतारावरचं चारीचं तोंड. उष्णता, दाब किंवा मिरचीचा रेणू आला की ते उघडतं आणि धनभारित कण आत धावतात. पुरेसे आत आले की तंतूत विजेची एक लाट उठते आणि पुढे जात राहते. त्या लाटेला आवेग म्हणतात.

मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट अशी वाटते की हा आवेग सगळीकडे सारखाच असतो. डोळ्याकडून येणारा आवेग उजेडाचा नसतो, कानाकडून येणारा आवाजाचा नसतो. तो कोणत्या तारेवरून आला त्यावर मेंदू अर्थ लावतो. जर्मनीत योहानेस म्युलर यांनी हे एकोणिसाव्या शतकातच मांडलं होतं. घरच्या घरी पडताळता येतं: डोळे मिटून कडेला बोटानं हलकेच दाबा, उजेडाचं वर्तुळ दिसेल. दाब दिला, पण तार उजेडाची. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत मुंग्या येतात ना? करंगळीला काहीच झालेलं नसतं. तिची तार कोपराजवळून जाते, एवढंच.

आणि जोरात की हळू, हे आवेगाच्या उंचीवरून ठरत नाही. सेकंदाला किती आवेग आले त्यावरून ठरतं. एडगर एड्रियन यांनी 1920 च्या दशकात एकेका तंतूवर हे मोजलं, त्यांना 1932 चं नोबेल मिळालं.

---

भुसावळ_जंक्शन | बुधवार, सकाळी 8:50

सर, उदाहरण एकदम डोक्यात बसलं. पण एक शंका. आमच्या भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. दार 43 ला उघडतं म्हणता, मग आम्ही सगळे दुपारभर बोंबलत का फिरत नाही? गाडीच्या हँडलला हात लागला तर मात्र किंचाळतो.

---

शरीरक्रिया_धुळे | बुधवार, दुपारी 1:30

खास आपल्याकडचा प्रश्न. ग्राही हवेचं तापमान मोजत नाही, तो कातडीच्या आत बसून स्वतःचं तापमान मोजतो. बाहेर 45 असलं तरी घाम वाळत असेल तोवर कातडी 36-37 च्या आसपास राहू शकते. खानदेशची हवा उन्हाळ्यात कोरडी, घाम झटकन वाळतो, ते उपयोगी पडतं. पण त्यासाठी पाणी प्यायला हवं. घाम थांबला की हिशेब बिघडतो आणि माणूस दवाखान्यात येतो.

हवा उष्णता फार सावकाश देते. पाणी आणि धातू झटपट देतात. 45 अंशाच्या हवेत उभं राहता येतं, पण 45 अंशाच्या पाण्यात हात धरवत नाही. उन्हात तापलेलं हँडल तर त्याहून कितीतरी गरम असतं आणि क्षणात कातडीला 43 च्या पलीकडे नेतं.

याच ग्राहीमुळे शेवभाजी खाताना कपाळाला घाम फुटतो. तोंडातल्या ग्राहींनी 'तापलं' अशी वर्दी दिली, शरीरानं गार करायची यंत्रणा सुरू केली.

---

चोपडेकर | बुधवार, दुपारी 3:10

आमच्याकडे अडावदजवळ उनपदेवचा गरम पाण्याचा झरा आहे. पाय टाकताना झटका बसतो, दोन-चार मिनिटांनी तेच पाणी हवंहवंसं वाटतं. पाणी तर तेच असतं. ग्राही थकतो का?

---

पांझराकाठ | बुधवार, सायंकाळी 6:00

थकत नाही, सरावतो. बऱ्याच ग्राहींना स्थितीपेक्षा बदल सांगण्यात रस असतो. सकाळी घातलेला सदरा पाच मिनिटांनी अंगावर जाणवत नाही, पण त्याच्यावर मुंगी चढली की लगेच कळतं. एक हात गार पाण्यात, एक गरम पाण्यात, मग दोन्ही साध्या पाण्यात बुडवा. एकाच बादलीतलं पाणी एका हाताला गरम लागेल, दुसऱ्याला गार.

वेदनेचे ग्राही मात्र यात वेगळे. ते इतक्या सहज सरावत नाहीत, आणि ते बरंच आहे.

---

केळीचा_घड | बुधवार, रात्री 9:25

रावेरकडे बांधावर दोन-चार मिरचीची झाडं लावतो. पोपट येऊन पिकलेली मिरची मटामट खातात. त्यांना तारा नाहीत का?

---

शरीरक्रिया_धुळे | बुधवार, रात्री 10:40

तारा आहेत, ग्राहीसुद्धा आहे आणि तो उष्णतेला उघडतोही. फक्त त्याची घडण अशी की कॅप्साइसिन त्याला उघडू शकत नाही. म्हणून पोपट भाजतो, पण मिरचीनं नाही. झाडाच्या दृष्टीनं हे सोयीचं आहे. उंदीर-घुशी बी चावून टाकतात, पुष्कळसे पक्षी अख्खं गिळून दूर नेऊन टाकतात. तिखटपणा नको त्या गिऱ्हाइकाला हाकलतो.

पथारीवरचे भाऊ, मावशींना एवढं जरूर सांगा: कॅप्साइसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. नुसतं पाणी लावून चोळलं तर ते पसरतं. आधी गोडं तेल चोळायचं, कापडानं पुसायचं, मग साबण आणि गार पाणी. गरम पाणी नको. कामाला बसतानाच हातमोजे मिळाले तर सगळ्यात उत्तम, ते मालकानं द्यायला हवेत. तोंड पोळलं तर पाण्यापेक्षा दूध बरं, दुधातलं केसिन कॅप्साइसिनला धरून ठेवतं.

---

अमळनेरची_लेक | गुरुवार, रात्री 12:15

दोन दिवस हा धागा वाचतेय. तुमचं सगळं बोलणं जास्त जाणवण्याबद्दल आहे. माझ्या आईचं उलट झालं, म्हणून लिहिते.

आईला चौदा वर्षं साखर आहे. मागच्या एप्रिलमध्ये धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होती. धाब्यावर चप्पल घालून जायचं नाही, खाण्याची वस्तू आहे, हा तिचा जुना नेम. अकरा ते साडेबारा अनवाणी. खाली आली, हातपाय धुतले, जेवायला बसली. मी फरशी पुसायला गेले तर न्हाणीपासून पाटापर्यंत एका पायाचे ओले ठसे होते आणि ते पाणी नव्हतं. तळव्याला हाताच्या पंजाएवढा फोड येऊन फुटला होता. मी ओरडले, तर ती पाय वर करून बघते आणि म्हणते, "माले समजनंच नही."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या दवाखान्यात दर तीन महिन्यांनी साखर तपासायला न्यायचो तिथे इतक्या वर्षांत एकदाही कुणी तिला चप्पल काढायला सांगितलं नव्हतं. दुसरीकडे नेलं तेव्हा डॉक्टरांनी एक नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून विचारलं, लागतंय का? ती डोळे मिटून बसली होती, ते दहा ठिकाणी टेकवत गेले, ती कशाची तरी वाट बघत राहिली. जखम भरायला चार महिने गेले. पाय वाचला.

तिचे ग्राही मेले का डॉक्टर? पुन्हा येतात का? आणि मला कधीच न समजलेली गोष्ट: ज्या तळव्याला चटका कळला नाही, त्याच तळव्याची रात्री आग होते म्हणून ती झोपत नाही. जाणवत नाही आणि आग होते, दोन्ही खरं कसं?

---

शरीरक्रिया_धुळे | गुरुवार, सकाळी 6:50

ताई, आधी एक सांगतो. आईंचा पाय तुमच्या त्या फरशी पुसण्यानं वाचला.

वाढलेली साखर वर्षानुवर्षं चेतातंतूंना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांना इजा करते. सगळ्यात लांब तंतू सगळ्यात आधी जातात. पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत सुमारे मीटरभर लांबीची एक पेशी, तिला टोकापर्यंत पोसणं सगळ्यात अवघड. म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. पुष्कळ पुढे गेल्यावर हाताला सुरू होतो. तंतूचं टोक मागे हटलं की त्यावरचे ग्राहीही गेले. कातडी तापली, पण दार राहिलेलं नाही, वर्दी कोण देणार?

आता रात्रीची आग. पांझराकाठ सरांनी कोपराचं उदाहरण दिलं ते इथे लागू पडतं. इजा झालेला तंतू काहीही कारण नसताना स्वतःहून आवेग सोडत राहतो. मेंदूला तार ओळखीची आहे: तळवा, भाजणं. म्हणून तो तळवा भाजतोय असंच वाचतो. टोकाला जाण नाही, मधल्या तारेत गोंधळ. दोन्ही खरं आहे. आईंना कुणी 'मनाचे खेळ' म्हणत असेल तर ऐकून घेऊ नका.

आपल्या भाषेत या वेदनांना वेगवेगळे शब्द आहेत, त्याचं मला फार अप्रूप वाटतं. चटका बसतो तो पातळ आवरण असलेल्या तंतूंवरून सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगानं जातो. मागून येणारी भगभग, ठणका बिनआवरणाच्या तंतूंवरून, सेकंदाला मीटर-दोन मीटर, कधी त्याहूनही कमी. पायाला ठेच लागली की आधी चटका, मग जवळजवळ सेकंदानं ठणका, हा या वेगांचा फरक. आणि मुंग्या येणं, बधिर होणं हे पुन्हा वेगळं. रुग्ण काय शब्द वापरतो ते मी लिहून घेतो. 'दुखतं' एवढ्यावर थांबत नाही.

गेलेले तंतू पूर्ण परत येतील असं वचन देता येत नाही. साखर ताब्यात ठेवली तर पुढचं नुकसान मंदावतं. बाकी, ज्या कामासाठी कातडी होती ते आता डोळ्यांनी करायचं. रोज रात्री तळवे आरशात बघायचे, बोटांच्या बेचक्यासुद्धा. चप्पल घालण्याआधी हातानं आतून चाचपायची, खडा असेल. पाणी गरम आहे का ते पायानं नाही, कोपरानं किंवा दुसऱ्या कुणी बघायचं. शेकायची पिशवी नको. धाब्यासाठी धुतलेली वेगळी चप्पल ठेवा, तिचा नेमही राहील.

---

भुसावळ_जंक्शन | गुरुवार, सकाळी 9:30

ताई, वाचून आजच वडिलांचे पाय बघितले. सहा वर्षं साखर आहे, आम्ही कधीच बघितले नव्हते. डॉक्टर साहेब, अंधारात चालताना ते अलीकडे भिंत धरतात. त्याचा याच्याशी संबंध असतो का?

---

शरीरक्रिया_धुळे | गुरुवार, दुपारी 2:00

असू शकतो, तपासून घ्या. स्नायूंमध्ये आणि सांध्यांभोवतीही ताण मोजणारे ग्राही असतात. पाय कुठे आहे, घोटा किती वाकला हे न बघता कळतं ते त्यांच्यामुळे. यातला मुख्य ग्राही पीझो-2. आर्डेम पातापूटियन यांच्या प्रयोगशाळेनं 2010 साली पीझो-1 आणि पीझो-2 ही जोडगोळी शोधली. पेशीला बारीक नळीनं टोचलं की ती दाद द्यायची. मग त्यांनी 72 जनुकं एकेक करून बंद केली आणि कोणतं बंद केल्यावर पेशी गप्प बसते ते पाहिलं. 2021 चं नोबेल ज्युलियस आणि पातापूटियन यांना मिळून आहे. ज्या थोड्या लोकांत जन्मतः पीझो-2 काम करत नाही, त्यांना डोळे मिटले की स्वतःचा हात कुठे आहे ते सांगता येत नाही.

साखरेत पायाकडून येणारी ही खबर कमी झाली की माणूस डोळ्यांवर तोल सांभाळतो. दिवे गेले की भिंत लागते. 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (थरथरणारा धातूचा चिमटा) पायाच्या अंगठ्याच्या हाडाला टेकवून थरथर कळते का ते बघतात, दोन मिनिटांचं काम आहे. न्हाणीत आणि जिन्यात रात्रीचा दिवा आजपासूनच लावा.

---

पथारीवरचा | शुक्रवार, रात्री 8:45

मावशींना आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळं सांगितलं. चारीचं तोंड लगेच समजलं. गोडं तेल आठ-दहा जणींनी लावून बघितलं, फरक आहे म्हणतात. हातमोज्यांचं मालकाकडे मांडलं आहे.

पण एकीनं विचारलं, आमचे हात पहिल्या आठवड्यात जेवढे जळतात तेवढे हंगामाच्या शेवटी जळत नाहीत, ते का? आणि मग अमळनेरच्या ताईंच्या आईच्या तळव्यावर मिरचीच चोळली तर?

---

शरीरक्रिया_धुळे | शुक्रवार, रात्री 10:30

दोन्ही प्रश्न एकच आहेत हे त्यांच्या लक्षात आलं असेल का? कॅप्साइसिन सतत येत राहिलं की ग्राही दाद द्यायचा कमी होतो. फारच जास्त आलं तर तंतूची टोकं काही काळ मागे हटतात. याच गुणावर औषध निघालं आहे. कॅप्साइसिनचं मलम असतं, आणि 8 टक्क्यांची पट्टी असते, ती दवाखान्यातच लावतात. साखरेमुळे होणाऱ्या पायाच्या आगीवर दोन्ही वापरतात.

पण घरची मिरची चोळायची नाही. बधिर तळव्याला किती लागलं ते कळणार नाही, कातडीला चीर असेल तर चिघळेल. ताईंनी आईंच्या डॉक्टरांना विचारावं. आगीवर पोटातून घ्यायची औषधंही आहेत.

---

अमळनेरची_लेक | रविवार, दुपारी 4:20

काल दाखवून आणलं. मलम सध्या नको म्हणाले, रात्रीची एक गोळी दिली. फोर्क लावला तेव्हा अंगठ्याला काही कळलं नाही, घोट्याला कळलं. "आठे लागस," म्हणाली, आणि डॉक्टरांनी तिथे पेनानं खूण केली. घरी आल्यावर तिनं ती खूण पुसू दिली नाही. धाब्यासाठी निळी रबरी चप्पल आणली आहे, जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवली आहे.